वाचकांचे प्रश्न: जुन्या रायफल-पुस्तिकांतील चित्रे, त्यांचा हक्क आणि त्यांचे श्रेय

१९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन जवळ आला की गावोगावची वाचनालये, शाळा आणि मंडळे स्मरणिकेच्या तयारीला लागतात. मजकूर जमतो, आठवणी जमतात आणि मग चित्रांचा प्रश्न उभा राहतो. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लष्करी रायफलींच्या जुन्या पुस्तिकांतील चित्रांविषयी असल्याने हे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न (डिचोली येथील एक निवृत्त शिक्षक): आमच्या वाचनालयातर्फे १९६१ च्या डिसेंबरवर पुस्तिका निघत आहे. भारतीय जवानांच्या हाती असलेली ‘थ्री नॉट थ्री’ रायफल कशी होती हे मुलांना समजावे, म्हणून ब्रिटिश वॉर ऑफिसच्या १९४२ च्या प्रशिक्षण-पुस्तिकेतील दोन आकृत्या घेण्याचा विचार आहे. तिच्यावर ‘क्राउन कॉपीराइट रिझर्व्ड’ असे छापलेले आहे. शिवाय आतील माहिती वृत्तपत्रांना किंवा सरकारी पदावर नसलेल्या कोणालाही कळवू नये, अशीही सूचना आहे. आकृत्या छापता येतील का, आणि छापल्यास त्यांच्याखाली काय लिहावे?

उत्तर: आकृत्या आपणांस छापता येतील. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार सरकारने प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरील क्राउन कॉपीराइट, म्हणजे ब्रिटिश सरकारचा स्वतःचा कॉपीराइट, प्रसिद्धीचे वर्ष संपल्यापासून पन्नास वर्षे टिकतो, म्हणजे १९४२ च्या पुस्तिकेचा हा हक्क ३१ डिसेंबर १९९२ रोजी संपला. जुन्या रेखाकृतींची आणि छायाचित्रांची मुदत त्या कधी तयार झाल्या यावरून मोजावी लागली, तरी पुस्तिका छापली जाण्यापूर्वीच त्या तयार झालेल्या असणार, त्यामुळे त्यांची मुदत १९९२ च्या पुढे जात नाही. आपल्या हातातील प्रत कदाचित भारत सरकारने त्याच काळात इथे पुन्हा छापलेली असेल. तिला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम २८ लावून, प्रसिद्धीनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे मोजली, तरी १९४२ च्या छपाईची मुदत २००२ च्या अखेरीस संपते. दोन्ही हिशेबांनी वाट मोकळी आहे. मुखपृष्ठावरील ती ओळ हक्क जिवंत असतानाची आहे. ओळ कागदावर राहिली म्हणून हक्क राहत नाही.

गोपनीयतेच्या सूचनेचा प्रताधिकाराशी, म्हणजे कॉपीराइटशी, संबंध नाही. ती युद्धकाळातील प्रशासकीय ताकीद होती आणि त्या मालिकेतील पुस्तिका आज अनेक देशांतील ग्रंथालयांत उघडपणे वाचायला मिळतात. मात्र आज वापरात असलेल्या एखाद्या शस्त्राची ‘रिस्ट्रिक्टेड’ शिक्क्याची भारतीय पुस्तिका कोणाच्या हाती आली, तर तिथे पहिला विचार १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचा करावा लागतो. अशा पुस्तिकेतील चित्र स्मरणिकेत छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता श्रेयाविषयी. हक्काची मुदत संपली म्हणजे श्रेय देण्याचे कारणही संपले, अशी समजूत आपल्या नियतकालिकांत खोल रुजलेली आहे. चित्राखाली ‘संग्रहित’, ‘साभार: इंटरनेट’ किंवा नुसते ‘सौजन्य’ एवढेच असते, आणि ते वाचून मला दरवेळी वाईट वाटते. एवढ्या शब्दांतून चित्र कोणी काढले, ते कोणत्या पुस्तकातले आणि ते पुन्हा पाहायचे असल्यास कुठे जावे, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर वाचकाला मिळत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात मीही अशाच एका आकृतीखाली केवळ ग्रंथालयाचे नाव घातले होते. पुढे एका अभ्यासकाने ती आकृती कोणत्या आवृत्तीतली आहे असे विचारले, तेव्हा मूळ पुस्तिका शोधण्यासाठी मी दोन दिवस घालवले आणि ती मला सापडली नाही. तेव्हापासून चित्र उतरवून घेण्यापूर्वी शीर्षकपृष्ठ आणि शेवटचे पान यांची प्रतिमा मी आधी घेतो.

शेवटचे पान का, हे सांगायला हवे. ब्रिटिश सरकारी छपाईत त्या पानाच्या तळाशी पुष्कळदा अगदी बारीक टाइपात आकड्यांची एक ओळ असते. आरंभी ‘डब्ल्यूटी’ ही अक्षरे आणि छपाईच्या हुकुमाचा क्रमांक, त्यापुढे किती प्रती काढल्या तो आकडा, मग महिना आणि वर्ष तिरप्या रेघेने जोडलेले, आणि अखेरीस छापखान्याचे संक्षिप्त नाव. मुखपृष्ठावर १९४२ असले, तरी आपली प्रत नंतरच्या पुनर्मुद्रणातील आहे का, हे त्या ओळीवरून कळू शकते. पुनर्मुद्रणात दुरुस्त्या आणि नवी चित्रेही आलेली असू शकतात, म्हणून मुदत मोजताना आणि श्रेय लिहिताना हे वर्ष पाहिलेच पाहिजे.

आपल्या आकृतीखाली पुढीलप्रमाणे लिहावे: ‘आकृती: स्मॉल आर्म्स ट्रेनिंग, खंड १, पुस्तिका क्रमांक ३, रायफल, वॉर ऑफिस, लंडन, १९४२, पृष्ठ अमुक, आकृती अमुक. मूळ इंग्रजी नावांच्या जागी मराठी नावे घातली आहेत. प्रत: अमुक वाचनालय.’ मुलांसाठी आपण इंग्रजी नावे काढून दस्ता, नळी, चाप अशी मराठी नावे घालणार असाल, तर मधले वाक्य गाळू नये. मूळ चित्रात काय होते आणि आपण काय केले, हे वाचकाला वेगळे दिसले पाहिजे.

आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. १९४२ पर्यंत ब्रिटिश फौजेत ‘नंबर चार’ ही नवी रायफल येऊ लागली होती. आपल्याकडे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात मात्र १९०७ सालची जुनी रचना, म्हणजे ‘नंबर एक, मार्क तीन’, तयार होत राहिली. दोन्हींना लोक ‘थ्री नॉट थ्री’च म्हणतात. जुन्या रायफलीचे तोंड बोथट टोपीत संपते आणि नेम धरण्याची मागची पट्टी नळीवर, बरीच पुढे असते. ‘नंबर चार’मध्ये नळीचे टोक लाकडाच्या बाहेर डोकावते आणि मागचा नेम बराच मागे, डोळ्याजवळ असतो. आपली आकृती यांपैकी कोणत्या रायफलीची आहे ते पाहून नाव द्यावे. श्रेय अचूक आणि चित्राचे नाव चुकीचे, असे झाले तर मुलांपर्यंत चूकच जाईल.

प्रश्न (फोंडा तालुक्यातील एक वाचक): आमचे आजोबा पोर्तुगीज अमलात लष्करी कचेरीत कारकून होते. त्यांच्या पेटीत लिस्बनला छापलेली, साडेसहा मिलिमीटरच्या १९०४ च्या रायफलीची पुस्तिका सापडली. शीर्षकपृष्ठ वाळवीने खाल्ले आहे, पण घडी घातलेले मोठे चित्रपट, म्हणजे आकृत्यांचे छापील तक्ते, शाबूत आहेत. समासात आजोबांनी पेन्सिलीने भागांची नावे मराठीत लिहून ठेवली आहेत; बोल्टसमोर, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यासमोर, ‘खीळ’ असे लिहिलेले आहे. एक अभ्यासक या चित्रांच्या प्रतिमा मागत आहेत. पुस्तिका आमची असल्याने हक्कही आमचाच ना? प्रतिमांवर ‘सर्व हक्क सुरक्षित’ असे छापून द्यावे का?

उत्तर: पुस्तिका आपली आहे, पण पुस्तिकेतील चित्रांचा प्रताधिकार त्यामुळे आपला होत नाही. वस्तूची मालकी आणि कृतीवरील हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात एखाद्या चित्रकाराचे चित्र टांगलेले असले तरी त्याच्या प्रती छापून विकण्याचा अधिकार घरमालकाला मिळत नाही, तसेच हे आहे. प्रत कोणाला दाखवावी, कोणाला उतरवून द्यावी, त्यासाठी खर्च घ्यावा की नाही, हे मात्र आपण पूर्णपणे ठरवू शकता.

चित्रांवर आज कोणाचा हक्क आहे हे ठरवण्यासाठी चित्रपटांचे खालचे दोन कोपरे उजेडात भिंगाखाली पाहा. त्या काळच्या कोरीव आणि शिळाछापाच्या चित्रांत डाव्या कोपऱ्यात चित्र रेखाटणाऱ्याचे नाव आणि त्यापुढे ‘डेल.’, तर उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे नाव आणि त्यापुढे ‘स्कल्प.’ अशी लॅटिन संक्षेपांची जोडी पुष्कळदा असते. ‘लिथ.’ असे असेल तर ते शिळाछापखान्याचे नाव समजावे. या तिघांत चित्राचा कर्ता म्हणून पहिल्याचा मान मोठा, पण तिघांचीही नावे उतरवून घ्यावीत.

कोपरे कोरे असतील तर काम सोपे आहे. अनामिक कृतीची मुदत आपल्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रसिद्धीपासून साठ वर्षांची आहे आणि पोर्तुगालमध्ये ती सत्तर वर्षांची आहे. समजा, पुस्तिका १९१२ ची निघाली, तर पोर्तुगालच्या हिशेबानेही ती १९८२ नंतर मोकळी झाली. कोपऱ्यात नाव असेल तर मात्र चित्रकाराचे मृत्युवर्ष शोधावे लागते, कारण तेव्हा मुदत त्याच्या मृत्यूनंतर भारतात साठ वर्षे आणि पोर्तुगालमध्ये सत्तर वर्षे चालू शकते. पंचविशीतल्या चित्रकाराने १९१२ मध्ये चित्र काढले आणि तो १९७२ पर्यंत जगला, तर भारतात २०३२ पर्यंत आणि पोर्तुगालमध्ये २०४२ पर्यंत त्या चित्रावर हक्क असू शकतो. ‘शंभर वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे मोकळे आहे’ हा ठोकताळा अशा ठिकाणी फसतो. एकमेकांच्या देशांतील कृतींचा प्रताधिकार मानण्याच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात पोर्तुगाल १९११ पासून आणि भारत १९२८ पासून आहे, त्यामुळे परदेशी कृती म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

शीर्षकपृष्ठ नसल्याने नाव आणि वर्ष निश्चित करण्यासाठी दुसरी संपूर्ण प्रत पाहावी लागेल. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि राज्याचे पुराभिलेखागार या दोन ठिकाणी आधी विचारावे, कारण पोर्तुगीज काळातील छापील साहित्याचा मोठा साठा तिथे आहे. तिथे न मिळाल्यास लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला किंवा तेथील लष्करी इतिहासाच्या अभिलेखागाराला चित्रपटांच्या क्रमांकांसह लिहावे. पत्रासोबत एका चित्रपटाची प्रतिमा पाठवली तर ओळख पटवणे त्यांना सोपे जाईल.

‘सर्व हक्क सुरक्षित’ असे छापू नये, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. जुन्या सपाट चित्राची हुबेहूब प्रतिमा घेण्यात मेहनत असते, पण मेहनतीमुळे नवा प्रताधिकार जन्माला येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यातील २००७ च्या निकालात केवळ श्रम पुरेसे नाहीत, कृतीत किमान काही सर्जनशीलता हवी, असे म्हटले आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही, मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या निव्वळ प्रतिमेवर नवा हक्क सांगता येत नाही, असे आहे. जो हक्क आपला नाही तो छापून सांगितला तर पुढचा प्रामाणिक माणूस विनाकारण अडतो. त्याऐवजी ‘प्रत: अमुक कुटुंबाचा संग्रह, फोंडा’ असा उल्लेख अभ्यासकाने करावा, ही अट आपण जरूर घालावी, प्रत ज्यांनी जपली त्यांचे नाव येणे योग्यच आहे.

समासातील पेन्सिलीच्या टिपांची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे, आणि आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो. त्या टिपा आजोबांच्या स्वतःच्या आहेत आणि आजवर कुठेही प्रसिद्ध झालेल्या नाहीत. एखाद्या भागाचे सुटे मराठी नाव कोणाच्या मालकीचे होत नाही, पण त्या नावांची त्यांनी केलेली निवड आणि सोबतचा मजकूर हे त्यांचे लेखन आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या वारसांकडे जातो आणि कलम २४ नुसार ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांची मुदत मोजली जाते. म्हणून समासासह चित्रपट छापायचा असेल तर अभ्यासकाने आपली परवानगी घ्यायला हवी, आणि तीही लेखी. वारस अनेक असतील तर एकट्याने होकार न देता सर्वांच्या संमतीचे एक साधे पत्र करून ठेवावे. चित्राखाली दोन श्रेये वेगवेगळी लिहावीत: छापील चित्राचे श्रेय चित्रकाराला आणि प्रकाशक खात्याला, आणि ‘समासातील मराठी टिपा’ म्हणून आजोबांचे पूर्ण नाव व त्यांचा काळ. पोर्तुगीज चित्रपटावर आपल्या बोलीतला ‘खीळ’ हा शब्द ज्यांनी लिहिला, त्यांचे नाव त्या शब्दासोबत छापले जावे, असे मला मनापासून वाटते. प्रतिमा घेताना समास कापू नयेत.

प्रश्न (म्हापसा येथील महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या विद्यार्थी-संपादक): आमच्या एनसीसी पथकाच्या इतिहासावरील लेखासाठी १९७४ च्या सरकारी प्रशिक्षण-पुस्तिकेतील रायफलीचे चित्र घ्यायचे आहे. पुस्तिकेवर चित्रकाराचे नाव नाही. थोडे बदल करून आमच्याच विद्यार्थ्याने ते पुन्हा काढले, तर परवानगीची गरज राहणार नाही ना?

उत्तर: गरज राहील. भारत सरकारने किंवा त्याच्या खात्याने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेचा प्रताधिकार ३१ डिसेंबर २०३४ पर्यंत चालतो. समोर ठेवून काढलेले, रेषा इकडच्या तिकडे केलेले चित्र हे मूळ चित्राचेच रूपांतर ठरते आणि रूपांतराचा अधिकारही हक्कधारकाकडेच असतो. लेखात त्या पुस्तिकेचेच समीक्षण असेल, तर कलम ५२ मधील न्याय्य वापराच्या तरतुदीखाली तिच्यातील एखादे चित्र श्रेयासह देता येते, परंतु पान सजवण्यासाठी घेतलेल्या चित्राला तो आधार मिळत नाही.

आपल्यासमोर दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, आपल्या पथकाच्या अधिकाऱ्यांमार्फत प्रकाशक खात्याकडे लेखी परवानगी मागणे. पत्रात पुस्तिकेचे नाव, वर्ष, पृष्ठ, अंकाच्या प्रतींची संख्या आणि अंक विक्रीसाठी नाही ही गोष्ट, एवढे लिहिले म्हणजे पुरे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. पथकाच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्यास त्यांच्या देखरेखीखाली रायफल टेबलावर ठेवून विद्यार्थ्याने ती प्रत्यक्ष पाहून रेखाटावी. रायफलीला किती भाग आहेत आणि बोल्ट कसा सरकतो, या वस्तुस्थितीवर कोणाचा प्रताधिकार नसतो, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालापासून कल्पना आणि तिची अभिव्यक्ती यांतील हा फरक आपल्या न्यायालयांनी पक्का धरला आहे. असे रेखाटन विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल आणि त्याखाली त्याचे नाव अभिमानाने घालता येईल.

पुस्तिकेवर नाव नाही म्हणून चित्रकार नव्हता असे मात्र समजू नये. सरकारी नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे सरकार असते, पण कर्ता तो चित्रकारच राहतो, आणि कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा त्याचा विशेष अधिकार कलम ५७ ने मालकीपासून वेगळा ठेवला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पभित्ती काढून टाकताना तिची मोडतोड झाली, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध याच कलमाच्या आधारे दावा लावला. कृती सरकारच्या मालकीची असूनही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्यामुळे कोणी जुने प्रशिक्षक त्या चित्रकाराचे नाव सांगू शकत असतील, तर खात्री करून ते श्रेयात जरूर घालावे. नाव न मिळाल्यास ‘चित्रकार: पुस्तिकेत नाव दिलेले नाही’ असे लिहावे. ‘अज्ञात’ या एका शब्दापेक्षा ते अधिक खरे आहे, कारण आपण कुठे शोधले हेही त्यातून कळते.

प्रश्न (मडगाव येथील एक वाचक): अमेरिकी युद्धखात्याच्या जुन्या पुस्तिकेतील रायफलीचे छायाचित्र मला एका संग्राहकाच्या संकेतस्थळावर मिळाले. त्यावर त्या संग्राहकाच्या नावाची पाणखूण (वॉटरमार्क) आहे. श्रेय कोणाला द्यावे?

उत्तर: अमेरिकी संघराज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतींना त्या देशाच्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे तिथे प्रताधिकारच नसतो. ही मोकळीक त्या देशापुरती आहे, तरी इतक्या जुन्या पुस्तिकेच्या बाबतीत आपणांस अडचण येण्याचे कारण दिसत नाही. सावधगिरी एकच बाळगावी. पुस्तिकेतच त्या छायाचित्राखाली एखाद्या कारखान्याचे किंवा छायाचित्रकाराचे नाव ‘सौजन्य’ म्हणून दिले असेल, तर ते चित्र सरकारने उसने घेतलेले आहे, आणि त्याचा हक्क वेगळा तपासावा लागतो.

श्रेय मूळ पुस्तिकेला द्यावे: खाते, पुस्तिकेचे नाव व क्रमांक, वर्ष, पृष्ठ. संग्राहकाचा उल्लेख त्यानंतर, ‘प्रतिमा अमुक यांच्या संग्रहातून’ असा करावा. त्यांची पाणखूण पुसून चित्र वापरू नये. त्यांना चार ओळी लिहून पाणखुणेशिवायची प्रतिमा आणि तिच्यासोबत शीर्षकपृष्ठाची प्रतिमा मागावी. दुसरी मागणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण शीर्षकपृष्ठाशिवाय वर सांगितलेली श्रेयाची ओळ आपणांस पूर्ण करता येणार नाही.